निवळलेलं तेल

विश्राम वालावलकरांनी मालवणच्या एका शाळेत बावीस वर्षं विज्ञान शिकवलं, आणि त्या बावीस वर्षांत त्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत एकदाही पोचला नाही. पोरं दंगा करत आणि हे फळ्याकडे तोंड करून लिहीत राहत. अक्षर मात्र असं, की तपासणीला आलेले साहेब फळा पुसू देत नसत. शेवटी मुख्याध्यापकांनी गोड बोलून त्यांना मुदतीआधीच घरी बसवलं. घरी बायको आनंदी, पुस्तकांची दोन कपाटं आणि एक म्हैस. वाटेतून बाजूला व्हायला म्हशीलासुद्धा ते हलक्या आवाजात सांगत, आणि म्हैस होत नसे.

अशा माणसाला दाजी तायशेट्यांनी बोलावणं धाडलं ते १९५८ सालच्या दिवाळीनंतर.

दाजींची काजूची शेड कसालच्या अलीकडे, रस्त्याला लागून होती. बिया भाजायच्या, फोडायच्या आणि गर मुंबईला पाठवायचा, एवढाच धंदा. भाजताना टरफलातून काळं, जहाल तेल निघतं. ते कातडीला लागलं की फोड उठतात. चाळीस बायका हातांना राख चोळून बिया फोडत, तरी त्यांच्या बोटांची सालं गेलेली असत. तेल पिंपांत साठवून होडीवाल्यांना विकायचं. होडीवाले ते होडीच्या तळाला फासत. शेड चाले फाल्गुनापासून मिरगापर्यंत. मग दाराला कुलूप.

"मास्तर, ह्या तेलाचा वार्निश बनता," दाजी म्हणाले. "विजेच्या मोटारींच्या तारांक लावतत. मुंबयची एक कंपनी घेवक तयार आसा. पण तेंचा म्हणणा असा, की पाठीमागे एखादा विद्यापीठ व्हया. प्रोफेसरान बसवून दिलेली रीत आणि तेच्या सहीचो कागद. ता पण चैत्र संपायच्या आत. मी चौथी नापास. विद्यापीठ खंयच्या दिशेक तोंड करून बसता, माका ठावक नाय."

"मी बघतो," विश्राम म्हणाले.

"नुसते बघू नकात, शोधा. शेड बारा महिने चलली तर ह्या चाळीस बायलांच्या घरात बारा महिने चूल पेटतली."

भट्टीवरचा बाबली तिथेच येत्या हंगामासाठी लाकडं रचत होता, काही बायका शेड सारवत होत्या. मूळचा फोंडाघाटाकडचा, काळा, उंच, तोंडाचा फटकळ माणूस. त्याची बायको लक्ष्मी त्याच शेडमध्ये बिया फोडायला बसे. तो हळूच म्हणाला, "मास्तरांनू, प्रोफेसर शोधूचो तर जाडो बघून शोधा. बारको आमच्या धुरात टिकाचो नाय."

बायका हसल्या. विश्रामही हसले, पण बायका आपल्याला हसल्या की बाबलीच्या बोलण्याला, हे त्यांना घरी पोचेपर्यंत ठरवता आलं नाही.

तरी त्या दिवसापासून त्यांच्या अंगात काहीतरी आलं. दर रविवारी, शाळेत कोणी नसताना, ते शिपायाकडून वाचनालय उघडून घेत आणि जुन्या शास्त्रीय मासिकांतून तेलांवर, रंगांवर, लाखेवर काम करणाऱ्या प्राध्यापकांची नावं उतरवून काढत. कोण नुसतं पुस्तकी लिहितो, कोणाच्या लेखात कारखान्याचं नाव येतं, कोणाच्या प्रयोगात आकडे जुळत नाहीत, यावर त्यांनी बारीक टिपणं केली. हे काम त्यांना आवडलं. यात कोणाशी बोलायचं नव्हतं. चाळीस नावांतून अकरा उरली. अकरा जणांना त्यांनी अकरा पत्रं लिहिली, प्रत्येक वेगळं, प्रत्येकाच्या कामाचा नेमका उल्लेख करून. टपाल मोटारीने घाट चढून जाई. उत्तर यायला पंधरा दिवस सहज लागत.

नऊ जणांनी उत्तर दिलं नाही. दोघांनी दिलं.

पहिलं घाटावरच्या एका विद्यापीठातल्या प्रोफेसर मोघ्यांचं. जाड कागद, काळी शाई. 'आपले पत्र वाचून आनंद झाला. इतके सुबक अक्षर आणि इतकी नेमकी मांडणी आमच्या पदवीधरांतही आढळत नाही. कोकणातल्या माणसाने कोकणातल्या मालाचा असा विचार करावा, हे कौतुकास्पद आहे. एक नमुना पाठवावा. दोन महिन्यांत रीत बसवून देऊ.' विश्रामनी हे पत्र आनंदीला दोनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा मनातल्या मनात वाचलं.

दुसरं नुसतं कार्ड होतं, तेही शिसपेन्सिलीने लिहिलेलं. कोणी डॉक्टर सरला नेने, दुसऱ्याच एका विद्यापीठात रसायन शिकवणाऱ्या. वर नमस्कार नाही, खाली आपली विश्वासू नाही. 'पिंपाच्या वरचे, मधले आणि तळाचे असे तीन नमुने वेगवेगळे पाठवा. गाळू नका, तापवू नका, कचरा काढू नका. भाजल्यावर तेल किती दिवस पडून असते? पिंपात पाणी शिरते का? कोण हाताळतो, हाताला काय लावतो? मला स्वतः येऊन पंधरा दिवस शेडमध्ये बसावे लागेल. माल पाहिल्याशिवाय मुदत सांगणार नाही आणि कागदाचे आश्वासन देणार नाही.'

विश्रामना ते कार्ड लागलं. पोस्टमनने वाचलं असणार, हेही लागलं. एवढं मन लावून लिहिलेल्या पत्राला उत्तर काय, तर फौजदाराने विचारावेत तसे प्रश्न.

दाजींनी दोन्ही उत्तरं ऐकून घेतली. "ही बाई शेडीत बसतली? झोपतली खंय? आणि पंधरा दिवस बसान कागद देतली की नाय, ता पण सांगणा नाय." त्यांनी कार्ड परत दिलं. "पण माका त्यातला काय कळना नाय. तुमी सांगा, मास्तर. तुमी म्हणशात तो."

आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणालं होतं. विश्रामनी चष्मा पुसला आणि मोघ्यांचं नाव घेतलं. कारण विचारलं असतं तर त्यांनी मुदतीचं सांगितलं असतं, आणि ते खोटं नव्हतं. पण आतलं कारण त्यांना ठाऊक होतं. मोघ्यांनी त्यांचं अक्षर वाखाणलं होतं.

नमुन्यासाठी बाबलीने पिंपाचं झाकण काढलं. तेल गेल्या हंगामातलं, पावसाळा काढलेलं. "वरचा काढू की खालचा? खाली नुसतो चिखल आसा."

"जरा बरं बघून दे," विश्राम म्हणाले.

त्याने डबा भरून दिला. घरी आणून पाहतात तो त्यातही काळा गाळ, टरफलाचे तुकडे, एक मेलेलं झुरळ. हे असलं घाटावर पाठवायचं? मोठ्या माणसाकडे काही धाडायचं तर निवडून धाडायचं, हीच रीत त्यांच्या वडिलांची, आजोबांची. आंबे धाडले तर डाग नसलेले. तांदूळ धाडले तर पाखडून, खडा काढून. वाईट वस्तू पाठवली तर आपली किंमत जाते, आणि त्याहून वाईट म्हणजे घेणाऱ्याचा अपमान होतो.

त्यांनी तेल जुन्या धोतराच्या फडक्यातून तीनदा गाळलं. तरी ते गढूळच. मग आनंदी म्हणाली, "लोणी कढवतत तसा कढवून बघा. मळ वर येतलो."

मागच्या पडवीत तीन दगडांवर जुनं भांडं ठेवून त्यांनी मंद जाळावर तेल तापवलं. धुराने डोळे चुरचुरले. जरा तापलं तोच भांड्यात पिवळट फेस फसफसून वर आला, थेट काठापर्यंत. विश्रामनी घाईने लाकडं ओढली. फेस पळीने काढून टाकला, परत तापवलं, परत काढला. दीड तासाने फेस यायचा थांबला. दोन दिवस ते तसंच ठेवून वरवरचं तेवढं बाटलीत ओतलं. काचेतून पाहिलं तर मधासारखं तांबूस, नितळ. सोबत आनंदीने आमसुलांची पुडी दिली.

मोघ्यांचं उत्तर आलं: 'इतका स्वच्छ नमुना आमच्याकडे क्वचितच येतो.'

माघात रीत आली. सहा पानं इंग्रजीत आणि कंपनीसाठी वेगळा कागद. पहिल्याच पानावर एक वाक्य होतं, की पाठवलेला नमुना कारखान्यातल्या नेहमीच्या मालाचाच आहे असे धरून चाललो आहोत. विश्रामनी ते वाचलं आणि पान उलटलं. पत्राच्या शेवटी 'कळावे' लिहितात तसलंच ते त्यांना वाटलं. शेडसाठी त्यांनी रीत मराठीत उतरवली, पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात: काहील चार हिश्शांपैकी तीन हिस्से भरावी. जाळ मोठा ठेवावा. तेल शक्य तितके लवकर तापवावे. तापमान ठरल्या अंशावर आले की आम्ल थेंबाथेंबाने सोडावे. पुठ्ठा भट्टीच्या वर टांगला. दाजींनी त्याला फुलांचा हार घातला.

गुळाची असते तसली मोठी काहील कोल्हापूरहून आणली होती. फाल्गुनातल्या एका गुरुवारी सकाळी ती चुलवणावर चढली. बाबलीने पिंपं ओतायला घेतली, ती तळापर्यंत. निम्मी भरल्यावर तो थांबला.

"मास्तर, ह्या उततला नाय मां?"

"का?"

"मी आठ हंगाम घाटावर गुऱ्हाळात काढलंय. रस उतता, म्हणान आमी कायल अर्धीच भरत होतो. ह्या तर रसापेक्षा जाड. जरा कमी भरूया?"

विश्रामनी पुठ्ठ्याकडे पाहिलं. त्यांच्याच अक्षरात तीन हिस्से लिहिलं होतं. पडवीतला फेस त्यांना आठवला का? पुढे कित्येक रात्री त्यांनी स्वतःला हे विचारलं. आठवला असावा. पण तो मळाचा फेस होता, आणि इकडे प्रोफेसरांची सही होती. चुलीपाशी उकिडवं बसून जे पाहिलं ते विद्यापीठाच्या कागदासमोर सांगायचं कसं?

"कागदात तसंच आहे," ते म्हणाले.

"कागदात आसा तर भरतंय," बाबली म्हणाला. "उतला तर फोडणी घालूक तुमच्या प्रोफेसराक बोलवा."

त्याने काहील भरली आणि जाळ केला.

पाव तास काही झालं नाही. विश्राम खांबापाशी तापमापी धरून उभे होते. मग तेलाच्या कडेने पिवळट रेघ दिसली. रेघेचा पट्टा झाला, आणि पेजेला ऊत यावा तसं सगळं तेल एकदम उठलं. तो फेस त्यांनी ओळखला. रंगासकट ओळखला.

"बाबली, मागे हो," ते म्हणाले.

ते आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाले. भट्टीच्या आवाजात त्यांचं त्यांनाच ऐकू आलं नाही. बाबली उलट पुढे गेला होता, चुलवणातली लाकडं ओढून काढायला. तेल काठावरून त्याच्या पाठीवर आणि खाली जाळात पडलं. जाळ छपरापर्यंत गेला. बायका ओरडत बाहेर पळाल्या. फक्त लक्ष्मी आत धावली, तिला दोघींनी धरून ठेवलं.

बाबली चार दिवस होता. दवाखान्यात त्याला केळीच्या पानांवर निजवलं होतं. बोलत नव्हता. शेवटच्या दिवशी विश्राम दारापर्यंत गेले आणि तिथूनच परत आले.

तेराव्यानंतर दाजींनी त्यांना बोलावलं. जिल्ह्याहून तपासणीला साहेब येणार होते. कंपनीला कळलं होतं. तिथून विचारणा आली होती, की रीतच धोक्याची आहे का.

"प्रोफेसरांक तार केलंय," दाजी म्हणाले. "तेंचा उत्तर इला. आमच्या प्रयोगशाळेत बारा वेळा झाली, एकदा पण उतली नाय, म्हणजे चूक हाताळणाऱ्याची. बाबलीन आदल्या राती घेतलेली होती, ता सगळ्यांक ठावक आसा. जाळ जास्त घातल्यान. रीतीर बट्टो इलो तर शेड बुडाली, मास्तर. लक्ष्मीचा पण पोट ह्याच शेडीर आसा. ती आंगठो देता म्हणाली. जबानी तुमी लिवा. तुमचा अक्षर बरा."

विश्राम बसले. टाक हातात घेतला. आत्ता सांगावं, असं त्यांच्या मनात आलं. पण सांगायचं काय? आपण रसायनाचे पदवीधर नाही. मोघ्यांनी बारा वेळा केलं. फेस दुसऱ्याच कशाने आला असेल. आपलं नेहमी चुकतं, हेही चुकत असेल. स्वतःवर शंका घेण्याची त्यांची जुनी सवय त्या दिवशी त्यांच्या फार उपयोगी पडली. त्यांनी लिहिलं: 'माझा नवरा आदल्या रात्री नशा करून होता व त्याने सांगितल्यापेक्षा जास्त जाळ घातला.' लक्ष्मीला वाचून दाखवलं. ती भिंतीकडे बघत ऐकत होती.

"तेणी असा केल्यान, मास्तर?" तिने विचारलं. "तुमी थयसर होतास."

विश्रामनी शाईची पेटी पुढे सरकवली. तिने अंगठा दिला. अंगठ्याला रेषा नव्हत्याच. तेलाने केव्हाच खाल्ल्या होत्या. कागदावर नुसता गोल डाग उठला.

त्यानंतर पाणवठ्यावर लक्ष्मीला बायका टाकून बोलू लागल्या. तुझ्या नवऱ्याने आमची बारा महिन्यांची चूल विझवली, असं. ती खाली मान घालून कामाला येई.

चैत्राच्या मध्यावर दाजींनी नवीन काहील आणली. कंपनीने एक संधी दिली होती: चैत्र अखेरपर्यंत माल दाखवा. भट्टीवर बाळा परब नावाचा माणूस ठेवला. चार दिवसांनी काहील पेटवायची ठरली.

हे आधीपासून कानावर होतं, आणि म्हणूनच विश्रामनी पंधरा दिवसांपूर्वी एक गोष्ट केली होती. त्यांनी कपाटातलं ते शिसपेन्सिलीचं कार्ड काढून परत वाचलं होतं. गाळू नका, तापवू नका, कचरा काढू नका. त्या बाईला माल न पाहता माल कळला होता. नेमका माणूस शोधायला ज्याला सांगितलं होतं, त्यालाच तो ओळखता आला नव्हता. त्यांनी डॉक्टर नेन्यांना सगळं लिहिलं: फडकं, पडवी, फेस, तीन हिस्से, जबानी. आठ पानं झाली. आयुष्यात इतकं चांगलं पत्र आपण लिहिलं नव्हतं, असं वाटून त्यांची त्यांनाच किळस आली.

उत्तर काहील पेटवायच्या आदल्या दिवशी आलं. पुन्हा कार्डच.

'तेलात पाणी होते आणि तापल्यावर त्यातून वायूही सुटतो. तुम्ही दोन्ही आधीच काढून टाकलेत. मोघ्यांना दोन ओळी तुम्ही आधी लिहिल्या असत्या तर त्यांनीही हेच सांगितले असते. अर्धीही काहील भरू नये, जाळ मंद हवा. पण हे मला लिहून काय उपयोग? काहिलीजवळ जो उभा राहणार आहे त्याला सांगा.'

सकाळी ते पहिल्या मोटारीने गेले. शेडमध्ये बायका बसल्या होत्या. बाळा पिंप ओतत होता. पुठ्ठा नवा होता, हार नवा होता. विश्राम दारातून सरळ काहिलीपाशी गेले आणि म्हणाले, "ओतू नका."

कोणी वळलं नाही.

त्यांनी बाळाचा दंड धरला. दुसऱ्याच्या अंगाला हात लावायचा त्यांना सराव नव्हता. फार जोरात धरला. पिंप कलंडलं, तेल जमिनीवर पसरलं. बायका उठल्या. मग ते बोलले. मोडकं, मागेपुढे, अर्धं शाळेच्या भाषेत आणि अर्धं घरच्या, पण बोलले. बाबलीने कमी भरू का म्हणून विचारलं होतं, मी नको म्हटलं. जाळ कागदात होता तेवढाच होता. फेस मी आधी पाहिला होता. मी तेल कढवून, निवळून पाठवलं होतं.

दाजी गोणीवर बसले होते. तिथूनच ते म्हणाले, "मास्तर, मी तुमका प्रोफेसर शोधूक सांगितलंय. तो तुमी शोधलात. मगे तेका खोटा तेल कित्या दिलात?"

"खोटं नव्हतं," विश्राम म्हणाले. "चांगलं दिलं."

दाजींनी हात हलवला आणि बाळाला चुलवणातली लाकडं काढायला सांगितली.

लक्ष्मी पुढे आली. हाताची राख तिने पुसली नव्हती. "ह्या तुमका कधीपासून ठावक होता?"

"त्याच दिवसापासून."

"मी आंगठो दिलंय तेवा?"

"हो."

ती वळली. मग आपल्या जागेवर जाऊन बसली आणि बिया फोडू लागली. बाकीच्या बायकाही एकेक करून बसल्या.

चैत्र संपला. कंपनीने दुसरीकडून माल घेतला. नेन्यांना बोलवावं, असं विश्रामनी सुचवून पाहिलं. दाजी म्हणाले, आता कोणाक बोलावची माझ्यात ताकद नाय, आणि तुमच्या हातान तर नायच. मिरगाला शेडीला कुलूप लागणार हे सगळ्यांना कळलं. विश्रामचे आभार कोणी मानले नाहीत. बाळा परब वाटेत भेटला तर बाजूने निघून जाई. त्याचं बारमाही काम गेलं होतं, आणि जीव वाचला हे त्याला कोणी पटवून देऊ शकलं नसतं.

एक काम राहिलं होतं. विश्रामनी नवी जबानी लिहिली, या वेळी स्वतःची. सात रात्री लागल्या. खोडलं, परत लिहिलं. मग ती एका पुस्तकात ठेवून, सहीसाठी टाक-दौत घेऊन ते लक्ष्मीच्या घरी गेले. साहेबांकडे पाठवण्याआधी तिने ऐकावी, असं त्यांना वाटलं. कदाचित तिने ऐकून काही म्हणावं, असंही.

लक्ष्मी अंगणात शेणी थापत होती. हात न धुताच ती पायरीवर बसली. "वाचा."

विश्राम वाचू लागले. चार पानं होती. आपण बावीस वर्षं विज्ञान शिकवूनही नमुना म्हणजे काय हे आपल्याला कळलं नाही. आपण स्तुतीला भुललो. आपल्या भिडस्त स्वभावाने आपला घात केला. आपण वेळेवर बोललो नाही, आपला आवाज निघाला नाही. या पापाचं ओझं आपण मरेपर्यंत वाहू. वाचताना दोनदा चष्मा काढून पुसावा लागला.

वाचून झालं. अंगणात कोंबड्या टिपत होत्या.

"ह्येच्यात बाबली खंय आसा?" ती म्हणाली.

विश्रामना कळलं नाही.

"तुमी कसे, तुमचा काय चुकला, तुमका किती वायट वाटता, ता सगळा आसा. बाबलीन कायल कमी भरूची म्हटल्यान, ता खंय आसा? तो लाकडा ओढूक पुढे गेलो. आग लागाची नाय म्हणान गेलो. बायलो आत होत्यो म्हणान गेलो. ता खंय लिवलात?"

त्यांनी पानं चाळली. पहिलं, दुसरं, तिसरं. 'सदर कामगार' असा शब्द एकदा होता. 'दुर्दैवी मृत' असा एकदा. नाव नव्हतंच.

"परत लिवा," लक्ष्मी म्हणाली. "हयसरच लिवा. मी सांगतंय तसा. माका लिवक येना नाय, पण काय लिवलात ता परत वाचून घेतंय."

विश्रामनी पानं उलटी केली. पाठची बाजू कोरी होती. ते पायरीच्या खालच्या टप्प्यावर बसले, मांडीवर पुस्तकाचा आधार घेतला, टाक शाईत बुडवला. वर तारीख घातली. मग हात थांबला. दिवाळीपासून हा माणूस त्यांच्यासमोर भट्टीवर उभा होता, त्यांची थट्टा करत होता.

"त्याचं पूर्ण नाव काय?" त्यांनी खाली बघत विचारलं.

"कागदावर भिकाजी," ती म्हणाली. "भिकाजी गंगाराम घाडी. बाबली आमी म्हणत होतो. दोनय लिवा."

त्यांनी लिहिलं.

"आता वाचा," लक्ष्मी म्हणाली.

त्यांनी वाचलं.

"मोठ्यान."